खुशालचा रेडिओ, प्रेमदासचा आवाज

आमच्या वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. बघायचाच झाला तर गाडीत बसून रात्र काढावी लागते. तरी आमच्या गावात समुद्रावर वापरायचे तीन रेडिओ आहेत. गाणी लागणारे नव्हेत. हातात धरून, बटण दाबून बोलायचे. हे कळल्यावर आमचे सेलूचे व्याही म्हणाले होते, "जहाज कधी येते ते सांगजा, आहेर घेऊन येतो." जहाज काही आलं नाही. पण ते रेडिओ ज्यानं निवडले त्या खुशाल पचारेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हसतच सांगायला घेतो मी दर वेळी. पुढं काय होतं ते बघा.

खुशाल धिवराचा, पिढीजात मासे धरणाऱ्यांच्या जातीतला. बुटका, खांद्याला रुंद. आमच्या धरणाच्या मच्छीमार सोसायटीतला जुना सभासद, वल्ह्याचा लाकडी डोंगा त्याच्या आजाच्या हातचा. त्याचा जोडीदार प्रेमदास थूल. जात वेगळी, मोहल्ला वेगळा, पण पाणी एक. दोघं एकाच वर्गात, एकाच बाकावर, आणि गुरुजींच्या एकाच छडीखाली वाढले. एकदा या दोघांनी गुरुजींची छत्री उलटी करून नाल्यात झिंगे धरले होते आणि छत्री मिटवून जागच्या जागी ठेवून दिली. दुपारी गुरुजी उन्हात निघाले, छत्री उघडली, तर झिंगा टकलावर. कोणी केलं म्हणून विचारलं तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. मार दोघांनाही पडला, आणि मार खाऊन दोघं पुन्हा नाल्यावरच गेले. अशी ती जोडी.

ती मोडली प्रेमदासच्या माधवीच्या हळदीला. संध्याकाळच्या जेवणाला मासे खुशालनं आणायचे ठरले होते. पंगत बसायची वेळ झाली, मसाला वाटून वाळत आला, खुशालचा पत्ता नाही. शेवटी आला तो ओलाचिंब, हातात चार रोहू. मासे रांधून झाले, पंगत बसली, खुशालही बसला. प्रेमदास वाढत होता. नव्या सोयऱ्यांसमोर त्याला जरा रंग चढला आणि तो म्हणाला, "आमचा खुशाल मासे आणाले गेलता का माशाईले घरी पोचवाले गेलता, समजत नाई बाप्पा!" पंगत हसली. खुशालनं हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि चालता झाला.

भरल्या ताटावरून उठणं म्हणजे काय ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रेमदास म्हणाला, "माह्या पोरीच्या हळदीत उठला, आता त्यानंच येऊन बोलावं." खुशाल म्हणाला, "हसला तो, त्यानंच यावं." झालं. दोघांची बोलाचाली बंद.

खुशाल त्या दिवशी वावधनात, वादळी वाऱ्यात, सापडला होता, डोंगा उलटला होता आणि उलट्या डोंग्याला धरून तो दुपारभर पाण्यात होता, हे त्यानं त्याच्या बायकोला, मंदाबाईला, सांगितलं. प्रेमदासला सांगितलं नाही. बोलणंच नाही तर सांगणार कुठून?

मंदाबाईनं मात्र डोंगा उलटल्याचं सोसायटीच्या बैठकीत बोलून दाखवलं; तो दिवस हळदीचा होता हे सांगायला खुशालनं शपथ घालून मनाई केली होती. प्रेमदास नेमका त्या दिवशी लेकीकडे गेला होता. "फोनले रेंज नाई, आवाज पोचत नाई. उद्या कोणी बुडालं तर आमाले समजन कसं? मासोळ्या सांगतीन का?" मत्स्य खात्याचे साहेब बसले होते. ते म्हणाले, बिनतारी रेडिओ घ्या, परवान्याचं मी बघतो. आणि कोणते घ्यायचे ते ठरवायला सगळ्यांनी खुशालला पुढं केलं. उलटा डोंगा त्यानं पाहिला होता ना.

मुंबईच्या दुकानाचा माणूस तीन नमुने घेऊन आला. चांगला पोरगा होता, उन्हानं लाल झालेला, पण कंटाळत नव्हता. पहिला नमुना लग्नाच्या हॉलवर पहारेकऱ्याच्या कमरेला असतो तसा, सडपातळ. दुसरा जड, मोठ्या काचेचा, त्यात आपण कुठं आहोत तेही दिसायचं. तिसरा नारिंगी पोटाचा, जाडजूड, बटणं बोराएवढी.

"टाका पाण्यात," खुशाल म्हणाला.

"तिन्ही?"

"माणूस पडते तवा निवडून पडते का?"

पोरगा हसला. त्यानं पहिला काही टाकू दिला नाही. म्हणाला, हा पावसाचे शिंतोडे सोसेल, डुबकी नाही. दुसरा दोरी बांधून सोडला, त्यानं पाणी आत घेतलं नाही, पण तो दगडासारखा तळाला गेला. तिसरा बुडाला, वर आला, तोंड आभाळाकडे करून तरंगायला लागला आणि त्याचा दिवा आपोआप लुकलुकायला लागला. काठावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

मग खुशालनं काठावरच्या कतला माशाच्या अंगावरून हात फिरवला आणि त्या चिकट हातानं बटणं दाबून पाहिली. पहिल्याची बारीक बटणं एकदम दोन दोन दाबली गेली. तिसऱ्याचं बरोबर एकच. "हा," तो म्हणाला.

"काका, हा खास समुद्रासाठी बनवलेला आहे," पोरानं सांगितलं.

"पाण्याले काय मालूम, ते समुद्राचं हाये का धरणाचं?"

बॅटरीचं मात्र खुशालला ठाऊक नव्हतं. ते पोरानं नीट सांगितलं. नुसतं ऐकायला बॅटरी थोडी लागते, बोलायला पुष्कळ. ताकद कमी-जास्त करायचं बटण आहे. धरणाला कमी पुरेल, उगाच जास्तीवर ठेवू नका. आणि बॅटरी संपलीच तर साधे पेन्सिल सेल घालायचा एक रिकामा डबा मिळतो, तो घ्याच. खुशालनं डबे आधी मागितले, मग रेडिओ.

दोन सेट डोंग्यांवर, एक काठावरच्या खोलीत. काठावरचा मंदाबाईकडे, कारण मासळीचा वजनकाटा तिच्या हातात असायचा आणि ती दिवसभर तिथंच. डोंगे दोन दोन जोडीनं जायचे, एक या काठाला, एक त्या काठाला, आणि मधून मधून एकमेकांची हाक घ्यायची, असा नियम झाला. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या; सेट दोनच, म्हणून ते खुशाल ज्या जोडीत असेल तिच्याकडे. खुशालची चिठ्ठी उघडली, तर प्रेमदास. खोलीतले सगळे एकदम काट्यावरच्या मासळीकडे बघायला लागले.

वरून आणखी एक झालं. प्रेमदास तरुणपणी सायकल-रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करायचा. सिनेमा आला, सर्कस आली, पोलिओचा डोस आला, सगळं आमच्या भागानं आधी प्रेमदासच्या तोंडून ऐकलेलं. आवाज असा की सिंदी रेल्वे गावच्या बाजारात बैल कान टवकारायचे. भोंग्याच्या पायी त्याला बॅटऱ्यांची सवय. म्हणून सेट रात्री त्याच्या घरी चार्ज करायचे ठरले. म्हणजे निवडणारा खुशाल, सांभाळणारा प्रेमदास, आणि दोघं बोलत नाहीत!

रोज संध्याकाळी खुशाल जायचा, प्रेमदासच्या ओट्यावर सेट ठेवायचा, खाकरायचा आणि परतायचा. प्रेमदास आतून यायचा. सेट गोड्या पाण्यानं धुऊन पुसायचा, बॅटरीची पितळी टोकं कापसानं कोरडी करायचा. ओली बॅटरी चार्जरवर चढवू द्यायचा नाही, भरली की लगेच उतरवायचा. आमच्या उन्हात टिनावर ठेवलेली हळद करपते, तिथं बॅटरीची काय कथा. म्हणून सेट माठाजवळच्या कोनाड्यात ठेवायचा. त्याची बायको सुलोचना म्हणायची, "माह्या पाठीले कधी असा हात नाई फिरवला." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "तू चार्ज न करता चालते."

खुशालच्या सेटची बॅटरी मात्र रोज भरलेलीच परत यायची. प्रेमदासला संशय आला. दुसऱ्या दिवशी पाण्यावरून त्यानं मंदाबाईला हाक दिली.

"मंदावैनी, त्याले इचारा, सेट बंद ठेवते का?"

खुशालनं नेमका तेव्हा चालू केला होता, त्यामुळं त्याला सगळं स्वच्छ ऐकू आलं. मंदाबाईनं हातातली वांब मासळी खाली ठेवली, बटण दाबलं. "आवो, सेट बंद ठेवता का म्हून इचारून राह्यले."

"सांग त्याले, बॅटरी वाचवतो."

"प्रेमदासभाऊ, बॅटरी वाचवतो म्हणते."

"सांगा त्याले, वाचवून काय लोणचं घालते का? आयकाले बॅटरी लागत नाई. चालू ठेव म्हणा. म्या हाक देल्ली आन् यानं आयकली नाई, तर त्या रेडिओचा उपेग काय?"

असं चालायचं. एकाच हवेतलं बोलणं तिघांनाही ऐकू यायचं, पण मंदाबाईच्या तोंडून आल्याशिवाय ते कोणाला पोचायचं नाही. आम्ही म्हातारे त्या खोलीबाहेर बसून हे ऐकायचो. चहापेक्षा त्याचीच तलफ जास्त. मी तर घरून सांगून यायचो की बातम्या ऐकायला जातो.

पण बॅटरी हिशेब चुकत नाही. दोघांचं दोघांना सांगता सांगता मंदाबाईचा सेट दुपारीच टू टू करायला लागला. एक दिवस तिनं बटण दाबून दोघांनाही ऐकवलं, "तुमचं भांडण आन् माही बॅटरी! आता माह्या सेटमंधी पेन्सिल सेल टाकले, ते फक्त बुडणाऱ्यासाठी हायेत. तुमाले काय बोलाचं ते बोला, नाई तं बुडा."

त्या दिवशी दुपार कलली. मग प्रेमदासचा आवाज आला, भोंग्यावरून पुकारा करावा तसा. "ज्याले कोणाले आयकू येत असन त्यानं आयकावं. वरतून ढग येऊन राह्यला. ज्याचं जाळं पळसाच्या बाजूनं हाये त्यानं उचलावं."

थोड्या वेळानं खुशाल. "ज्यानं कोणी सांगतलं, त्याले समजावं, का जाळं उचललं."

मंदाबाईनं कपाळाला हात लावला, पण हसत होती. नाव नाही, हाक नाही, तरी सरळ. हे असंच पुढं दोन हंगाम चाललं. आम्हाला वाटायचं, आज ना उद्या एखाद्या ढगाच्या घाईत नाव निघून जाईल.

दुसऱ्या हंगामाच्या उन्हाळ्यात खुशालनं एक दिवस मंदाबाईला सांगितलं, "त्याच्या सेटचा आवाज फाटून राह्यला. सुलोचनाबाईले सांग, बॅटरी पाहा म्हणा."

बॅटरी पाहिली, भरलेली. टोकं घासली. मग खुशालचा निरोप की बोलायच्या भोकात पाणी असेल. सेट झटकला, फडक्यावर पालथा ठेवून सुकवला. आवाज तसाच, शब्द एकमेकांवर बसलेले, "पळसाच्या" म्हणायला जावं आणि "पवशाच्या" ऐकू यावं तसं. मग निरोप, बॅटरी बदला. दुसरी बॅटरी घातली, तरी तेच. बॅटरीचं सगळं प्रेमदास स्वतः करत होता. जपून, मन लावून, कापसाचा बोळा फिरवत.

गावात कोणाला त्याचं बोलणं वेगळं वाटलं नाही. कसं वाटावं? आमच्याकडे गालात खर्रा नसलेला माणूस भेटतो कुठं? तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेली ती पुडी तोंडात टाकली की निम्मं गाव तसंच बोलतं. प्रेमदास पूर्वी पाण्यावर बोलताना थुंकून मग बटण दाबायचा, म्हणून रेडिओवर तो स्वच्छ ऐकू यायचा. त्याचं तोंड न बघता, नुसता आवाज रोज ऐकणारा माणूस एकच होता. आणि त्यानं दोष दिला रेडिओला. रेडिओ त्यानंच निवडला होता, म्हणून जास्तच.

शेवटी खुशालनं मंदाबाईला सांगून सेटांची अदलाबदल करवली. त्याचा प्रेमदासकडे, प्रेमदासचा त्याच्याकडे. पाण्यावर गेले. खुशाल बोलला. मंदाबाई म्हणाली, "आवो, तुमचा तं घंटीसारखा येऊन राह्यला." मग प्रेमदास बोलला, खुशालच्या चांगल्या सेटवरून. तोच फाटका आवाज.

खुशालनं वल्हं थांबवलं. मला तो पुढं सांगायचा, "आबाजी, तवाच समजलं. सेट बरोबर हाये. माणसात बिघाड हाये."

समजलं, पण त्या संध्याकाळी तो ओट्यावर सेट ठेवून खाकरून परतला. मंदाबाई म्हणाली, "जा ना, तोंड पाहा त्याचं." तो म्हणाला, "म्या काऊन जाऊ? तू इचार सुलोचनाबाईले." तिनं विचारलं. सुलोचना म्हणाली, दाढ दुखते म्हणतात, तिखट चालत नाही, भाजी अळणी करते. दाढ! दाढेला कोण घाबरतं? आणि चारच दिवसांत मासेमारीची बंदी लागली. पावसाचे दिवस माशांच्या अंडी घालण्याचे, तेव्हा जाळी वर. डोंगे उलटे टाकले, सेट जमा झाले.

प्रेमदासनं बॅटऱ्या काढल्या. पूर्ण भरलेलीही ठेवायची नाही, पूर्ण उतरलेलीही नाही, अर्धी ठेवायची, हे त्याला पक्कं ठाऊक. कोरड्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, माठापासून जरा दूर, ओल लागू नये म्हणून. मधून काढून पाहायचा, उतरली असेल तर थोडी भरायचा. पाऊसभर. रेडिओ बंद, म्हणून खुशालच्या कानावर त्याचा आवाज पडायचं बंद. पोळ्याला दोघं एकाच तोरणाखाली उभे होते, तोंडं दोन दिशांना.

बंदी उठली. डबा उघडला, बॅटऱ्या जशाच्या तशा, एकही फुगलेली नाही. पहिल्या दिवशी पाण्यावर गेले आणि खुशालनं कान लावला. प्रेमदासनं बटण दाबलं. खरखर नव्हती, हवा स्वच्छ होती, आणि त्या स्वच्छ हवेतून जे आलं त्यातला एक शब्द कळला नाही.

खुशालनं जाळं टाकलंच नाही. सरळ डोंगा वळवला, धरण ओलांडून प्रेमदासच्या डोंग्याला भिडवला. बोलला नाही. कंदील धरावा तशी हनुवटी धरली त्याची. प्रेमदासनं तोंड उघडायचा प्रयत्न केला. एक बोट जेमतेम आत गेलं असतं.

त्याच दिवशी सुलोचनेला घेऊन तिघं सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी वेळ न दवडता तपासलं, तुकडा काढून पाठवला. कॅन्सर निघाला, जिभेच्या मुळाशी पोचलेला. शस्त्रक्रिया करावी लागेल, माणूस वाचेल असं धरून चालू, पण बोलणं राहील असं सांगता येत नाही, असं त्यांनी समोर बसवून नीट सांगितलं. आणि विचारलं, "आवाज बदललेला कोणाच्या लक्षात नाही आला?"

खुशाल म्हणाला, "आलता बाई. आमी बॅटऱ्या बदलून पाह्यल्या."

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी खुशाल पहिल्या गाडीनं गेला. सुलोचना औषधं आणायला खाली उतरली होती. वॉर्डात हे दोघंच, आणि मधे सांगायला कोणी नाही. ही गोष्ट खुशालनं मला कितीदा तरी सांगितली आहे, आणि दर वेळी इथं तो थांबतो, गमछ्यानं तोंड पुसतो.

"प्रेम्या," तो म्हणाला.

प्रेमदासनं मान वळवली. मग सावकाश, एकेक शब्द गालातून ओढून काढत, म्हणाला, "ताटावरून... काऊन उठला बे?"

खुशालनं सांगितलं. वावधन, उलटा डोंगा, फुटलेल्या जाळ्यातून वाचवलेले चार रोहू. हळदीच्या जेवणाचा शब्द दिला होता म्हणून त्या चार माशांची पिशवी दातात धरून तो पोहत काठाला आला होता.

प्रेमदास ऐकत होता. डोळे भरले त्याचे. "मले... सांगाचं ना."

"तू हसला."

"लेका... तू सांगतलं असतं... तं रडलो असतो."

एवढंच. ढकलगाडी घेऊन माणसं आली. खुशालला अजून पुष्कळ विचारायचं होतं. माधवीला पोरगा झाला त्याचं नाव काय ठेवलं, तेसुद्धा त्याला प्रेमदासच्या तोंडून ऐकायचं होतं. तो गाडीबरोबर दारापर्यंत चालत गेला.

प्रेमदास वाचला. आहे, बरा आहे, जबड्यावर गमछा बांधून हिंडतो. पेज, वरण पातळ करून पितो. बॅटऱ्या अजून तोच सांभाळतो. पण बोलणं गेलं. घशातून आवाज निघतो, शब्द होत नाही. नातू येऊन मांडीवर बसतो आणि आजा बोलत का नाही म्हणून आजीला विचारतो.

आता दोघं एकाच डोंग्यात जातात. प्रेमदास पुढं बसून जाळं सोडतो, खुशाल मागं वल्हं मारतो आणि बोलतो. काय वाटेल ते बोलतो. गावातलं, पाण्यातलं, मंदाबाईचं, मागच्या सगळ्या मुक्या वर्षांचं साठलेलं. काठावरून ऐकू येतं, पाण्यावरून आवाज लांब जातो. दोन माणसांना एक सेट पुरतो, दुसरा जादाचा म्हणून डब्यात पडून असतो.

परवा मी काठावर बसलो होतो. खुशालनं डोंगा लावला, प्रेमदास मासळी घेऊन काट्याकडे गेला. मी म्हटलं, "काय रे, एवढी बडबड करतोस, त्याला कंटाळा नाही येत?"

"येते असन. सांगते कुठं?" तो दोरी खुंटीला गुंडाळत राहिला. "आबाजी, म्या मुद्दाम वाकडंतिकडं बोलतो. त्याच्या सासऱ्याले नावं ठेवतो, जाळं चुकीचं टाकलं म्हणतो. वाटते, एकडाव तरी चिडून मले एक शिवी देईन. घाण, मायबापावरून, कशीबी. तो नुसता हसते."

त्यानं गाठ मारली, ती सैल निघाली, पुन्हा सोडून मारली.

"एक शिवी, आबाजी. बस एक."